लवंग

दवाखाना बंद केला तेव्हा
तीस मिलीच्या तीनशे रिकाम्या बाटल्या उरल्या, बुचांसकट.
साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटून टाकल्या.
बाटल्या ठेवल्या. काच टाकवत नाही.

आता त्यांत वाइन भरते.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी, पंखा बंद करून,
लहान नरसाळ्यातून, श्वास रोखून.
चिठ्ठीवर नाव नाही, नुसता आकडा.
सहकारनगर, रास्ता पेठ, साळुंके विहार,
बाणेरचा तो अकरावा मजला.
पोहोचवणारा दिगंबर स्कूटरला किक मारता मारता विचारतो,
"मॅडम, पुन्हा साथ आली का?"
मी म्हणते, जुनाच आजार आहे रे.

रात्री आठला सगळे पडद्यावर, आपापल्या चौकटीत.
हुतोक्षीच्या पाठीशी तिचं गुरगुरणारं कपाट, तेरा अंशांवर.
ऐनापुरे बाटल्या ठेवतो दिवाणाखाली, ओल्या पंचात गुंडाळून;
एप्रिलात वीज गेली की वायरमनला फोन करतो,
"घरात पेशंट आहे हो."
खरं तळघर एकट्या गोकर्णांचं.
एरंडवण्यात, जिन्याखाली सहा पायऱ्या उतरून,
भिंतीला थर्मामीटर, खिळ्याला वही:
कुठली कधी आडवी केली, कुठली कधी उघडायची.
शेवटच्या पानावरच्या साली
गोकर्ण एक्क्याण्णव वर्षांचे होतील.

"घाई करू नका," ते सांगतात.
"दिंडोरीच्या शिराझलाही वय सोसतं. फक्त तिला हलवू नका."
"नाही सोसत," ऐनापुरे म्हणतो, "इथल्या उन्हाळ्यात माणूस आंबतो."
दर महिन्याला हाच वाद.
मला तो आवडतो. अजून कुणी जिंकलेलं नाही.

गेल्या शनिवारी, तीन नंबर.
भरताना खालच्या मजल्यावर कुणी मिरच्या तळत होतं,
नाहीतर मला तेव्हाच कळलं असतं.
रात्री बूच काढलं आणि
ओलं गोणपाट. भिजलेला पुठ्ठा. माळ्यावरची गादी.
बाटली गेली होती, बुचाने खाल्ली होती.
मी तोंड उघडणार, एवढ्यात
गोकर्णांनी पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.
"जांभूळ," म्हणाले.
"आणि मागून, हळूच, लवंग.
हिला अजून सहा वर्षं ठेवा."

पडद्यावर एकमेकांकडे बघता येत नाही.
जो तो समोर बघतो, म्हणजे कुणाकडेच नाही.
दहा पेले ओठांशी थांबले.
नीलोफरचं मांजर कॅमेऱ्यासमोरून शेपटी फिरवून गेलं.
मग हुतोक्षी,
जिने एकदा साडेतीन हजारांच्या बाटलीला
यजमानाच्या तोंडावर एरंडेल म्हटलं होतं,
ती म्हणाली, "लवंग. हो. अगदी शेवटाला."
ऐनापुरे म्हणाला, "जांभूळ तर आहेच."
आणि ठेवण्यावरून वाद झाला नाही.

चाळीस वर्षं मी लोकांच्या जिभा बघितल्या.
वास जातो तेव्हा एकटा जात नाही, हे मला ठाऊक आहे.
त्यांच्या पेल्याची थरथर
तीन महिने मी नेटवर्कच्या माथी मारत होते.

मी सांगायचे, द्रव्य पातळ करत जा,
इतकं, की मूळचं काही उरू नये,
तरी पाण्याला ते आठवतं.
गोकर्ण यावर खो खो हसायचे.
पेशंट होते माझे, तरी.

वहीत लिहिलं:
तीन नंबर. जांभूळ, लवंग. सहा वर्षांनी उघडणे.
उरलेली बेसिनमध्ये ओतली, नळ सोडून.
घरभर गोणपाट, सकाळपर्यंत.

सोमवारी एरंडवण्यात जायचंय,
एखादी बाटली दाखवायला म्हणून.
त्या सहा पायऱ्यांना कठडा नाही.